न्यूक्लिन ते सिकल

साल १८६९. ट्यूबिंगेनच्या किल्ल्यातल्या जुन्या मुदपाकखान्यात तुम्ही उभे आहात. इथे आता प्रयोगशाळा आहे. समोर रुग्णालयातून आलेल्या, पुवाने भिजलेल्या पट्ट्यांचा ढीग. नाकाला रुमाल लावा. चोवीस वर्षांचा फ्रीडरिश मीशर सडक्या वासाच्या पट्ट्या बाजूला टाकतो, बाकीच्या क्षाराच्या पाण्यात धुऊन पांढऱ्या पेशी सोडवतो. डुकराच्या जठरातलं पेप्सिन प्रथिनं पचवतं आणि केंद्रकं उरतात. त्यांच्या अल्कधर्मी द्रावणात आम्ल पडताच पांढरा साका धरतो. त्यात फॉस्फरस भरपूर, म्हणजे हे नेहमीचं प्रथिन नव्हे. केंद्रकातलं म्हणून नाव 'न्यूक्लिन'. गुरू होपे-सायलर स्वतः प्रयोग करून पाहिल्याशिवाय छापायला तयार नाहीत. निबंध निघतो १८७१ मध्ये.

पुढे भराभर चला. नवनवे शब्द येतात: फ्लेमिंगचं 'क्रोमॅटिन', वाल्डायरचं 'क्रोमोसोम' (१८८८), आल्टमानचं 'न्यूक्लिइक अम्ल' (१८८९), योहान्सनचं 'जीन' (१९०९). मधल्या १८८४ मध्ये मात्र मागे येऊन थांबा. वनस्पतिशास्त्रज्ञ नेगेली म्हणतो, आनुवंशिकता पेशीतल्या एका वेगळ्या द्रव्यात असते. त्याला तो 'इडिओप्लाझ्म' म्हणतो. ते द्रव्य त्याने पाहिलेलं नाही, फक्त तर्काने मांडलं आहे. लगेच पुढच्या वर्षी ऑस्कर हर्टविग सांगतो, ते द्रव्य म्हणजे न्यूक्लिनच. किती जवळ आले होते हे लोक! पण हा धागा सुटला. अनेक दशकं पारडं प्रथिनांकडेच झुकलेलं राहिलं, आणि आनुवंशिकतेचं द्रव्य डीएनए, म्हणजे न्यूक्लिनमधलं अम्लच, असल्याचं दाखवणारा न्यूयॉर्कच्या एव्हरी आणि सहकाऱ्यांचा निबंध यायला १९४४ उजाडलं.

आता थेट आजच्या काळात, गडचिरोलीतल्या धानोऱ्याकडच्या एका गावात, तपासणी शिबिरात या. एका मुलीच्या बोटातून काढलेलं रक्त नळीतल्या द्रावणात मिसळलं आहे. नळीमागे छापील रेघा धरल्यात. द्रावण गढूळलं, रेघा दिसेनात. म्हणजे रक्तात सिकलसेल आजाराचं हिमोग्लोबिन, 'एस', आहे. पुढच्या तपासणीत अहवाल येतो, 'एएस': एक जीन नेहमीचा, एक एसचा. हा एस असा होतो: डीएनएमध्ये एका जागी अ‍ॅडेनिनऐवजी थायमिन आलं, की हिमोग्लोबिनच्या साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक अम्लाऐवजी व्हॅलिन बसतं. साखळीतला हा बदल इंग्रॅमने १९५७ मध्ये केंब्रिजला दाखवला. असा एकच एस असलेल्या माणसाला फाल्सिपेरम हिवताप सहसा जीवघेणा होत नाही. हिवतापाने गांजलेल्या या रानात हा एस पिढ्यान्‌पिढ्या टिकला, यात म्हणूनच नवल नाही. 'शुद्ध रक्त', 'खोट असलेलं घराणं' अशी भाषा इथे तरी कुणी बोलू नये.

"घाबरू नको वो बाई," आरोग्यसेविका सांगते. "तू वाहक आहेस, बिमार नाहीस. पण लगन जुळवताना पोराचंही रक्त तपासा म्हणावं."

"दोघंही वाहक निघाले तं?"

ती चार बोटं धरते, एक मिटते. दर गरोदरपणात मूल 'एसएस' होण्याची शक्यता चारात एक. तसं झालं तर मुलाची हाडं ठणकणं, वारंवार रक्त कमी होणं. मग बाहेर बसलेल्या आईबापांना आत बोलावते. एस त्या दोघांपैकी कुणाकडून तरी आलेला असणार, आणि धाकटी भावंडं अजून तपासायची आहेत.