बोर्दातला शनिवारचा रेडिओ

ब्युनोस आयर्सच्या बाराकास भागात बोर्दा नावाचं पुरुषांचं सरकारी मनोरुग्णालय आहे. तिथं दाखल झालेला माणूस कित्येकदा वर्षानुवर्षं आतच राहायचा आणि भेटायला येणारे हळूहळू यायचे बंद व्हायचे. १९९१ साली आल्फ्रेदो ओलिवेरा हा मानसशास्त्राचा विद्यार्थी तिथं जात-येत असे. एका छोट्या सामुदायिक रेडिओ केंद्रावरच्या मित्रांनी त्याला वेडेपणावर बोलायला बोलावलं. त्याला वाटलं, यावर आपण कशाला बोलायचं? जे भोगताहेत तेच बोलू देत की! टेपरेकॉर्डर घेऊन तो रुग्णांकडे गेला आणि त्यांचं बोलणं कॅसेटवर भरून केंद्रावर दिलं.

एवढं तर एखाद्या वार्ताहरानंही केलं असतं. पण ते ऐकून श्रोत्यांचे फोन आले, प्रश्न आले. ओलिवेरानं ते प्रश्नही टेप केले आणि बोर्दात नेऊन रुग्णांना ऐकवले. मग उत्तरांची नवी कॅसेट बाहेर गेली. माझ्या मते उपचार सुरू झाला तो या परतीच्या खेपेपासून. मनोरुग्णालयात रुग्णांना कलेतून व्यक्त होऊ देणं काही नवं नव्हतं. इंग्लंडमधल्या नेदर्न इस्पितळात एडवर्ड ॲडमसन १९४६ पासून रुग्णांसाठी चित्रशाळा चालवत होते. पण ती चित्रं सुरुवातीला हवी होती डॉक्टरांना, अभ्यासासाठी. कॅसेट मात्र कुणा अनोळखी माणसाच्या स्वयंपाकघरात वाजत होती आणि तो माणूस उलट विचारत होता.

या रेडिओचं नाव ‘ला कोलिफाता’. कोलिफातो म्हणजे तिथल्या बोलीत ‘येडा’, तोही लाडानं म्हटलेला. पुढे कॅसेटची गरज उरली नाही. स्वतःचं प्रक्षेपण आलं. शनिवारी इस्पितळाच्या बागेत माइक लागतो आणि या हातातून त्या हातात फिरतो. कुणी राजकारणावर बोलतो, कुणी कविता म्हणतो. बरे होऊन घरी गेलेलेही त्यासाठी पुन्हा आवारात येतात. ज्या फाटकातून सुटायचं, त्याच फाटकातून आपल्या पायांनी आत यायचं, हे कुठल्याही गोळीला जमलेलं नाही.

नंतर गायक मानू चाओनं त्यांच्याबरोबर गाणी केली, दिग्दर्शक फ्रान्सिस फोर्ड कोपोलाच्या २००९ सालच्या ‘टेट्रो’ चित्रपटात ही मंडळी दिसली. प्रसिद्धीचं हे असं. त्याहून मोलाचं म्हणजे इतर देशांत निघालेले असे रेडिओ. बार्सिलोनात २००३ साली मार्तीन कोरेआ-उर्किसा या अर्जेंटिनी मानववंशशास्त्रज्ञानं ‘रेडिओ निकोसिया’ सुरू केला आणि त्याचं प्रक्षेपण इस्पितळातून नव्हे, शहरातल्या एका साध्या रेडिओ केंद्रातून ठेवलं.