भिंगाच्या दोषाचे दफ्तर

ज्या भिंगातून सरळ रेषा वाकडी उमटते ते भिंग वास्तूंची चित्रे घेणाऱ्या छायाचित्रकाराने टाकून द्यावे हे उचितच. परंतु तो वाक किती, कोणत्या दिशेस आणि मध्यापासून किती अंतरावर पडतो याचा बिनचूक हिशेब ज्याच्या दफ्तरी आहे, त्या ज्योतिर्विदाचे काम तेवढ्याने अडत नाही. आकाशाची शेकडो छायाचित्रे एकावर एक रचून त्यांतून क्षीण तेजोमेघ वर काढणाऱ्या आजच्या हौशी मंडळींच्या संगणकात भिंगागणिक विरूपणाची जी ‘प्रोफाइल’ साठवलेली असते, तिचा कुळवृत्तांत शोधू गेल्यास या दोन धंद्यांतील हा मतभेदच आरंभी भेटतो.

छायाचित्रकारांनी दोष मुळातच मारला. १८६६ साली म्युनिकच्या श्टाइनहाइल यांनी व लंडनच्या डालमायर यांनी, एकाच वेळी पण स्वतंत्रपणे, प्रकाश आवरणाऱ्या छिद्राच्या दोन्ही अंगांस सारखीच भिंगे समोरासमोर बसवून एकाने आणलेला वाक दुसऱ्याकडून फेडून घेतला, आणि इमारतींचे खांब पुनरपि सरळ उभे राहिले.

ज्योतिर्विदांची रीत निराळी. १८८७ साली पॅरिस वेधशाळेचे संचालक अॅडमिरल मूशे यांच्या पुढाकाराने भरलेल्या परिषदेत अखिल आकाशाची प्रकाशचित्रीय मोजणी करण्याचे व त्याचे नकाशे काढण्याचे ठरले आणि ठिकठिकाणच्या वेधशाळांना आकाशाचे पट्टे, एखाद्या मुलखाचे परगणे वाटून द्यावेत तसे, नेमून देण्यात आले. दुर्बिणीचे प्रमाण ठरलेले होते : भिंगाचा व्यास ३३ सेंटिमीटर व केंद्रांतर ३.४३ मीटर, जेणेकरून काचेवरील १ मिलिमीटर म्हणजे आकाशातील १ कला व्हावी. इतक्या लांब केंद्रांतराच्या आणि जेमतेम २ अंश रुंद क्षेत्राच्या दुर्बिणीत भिंगाचे विरूपण अल्पच. खरी धास्ती होती ती काचेवरील जिलेटिनाच्या थराची, कारण धुऊन वाळताना तो कोठे आकसेल याचा नेम नसे. यावर काढलेला तोडगा पाहण्यासारखा आहे. चांदीचा मुलामा दिलेल्या काचेवर ५ मिलिमीटर अंतराने उभ्याआडव्या बारीक रेघा कोरून ती काच छायाचित्राच्या प्लेटीपुढे धरीत आणि प्लेट धुण्यापूर्वी तिच्यातून प्रकाश पाडीत, म्हणजे ताऱ्यांच्या ठिपक्यांबरोबर रेघांची जाळीही उमटे, आणि पुढे थर जेथे सरके तेथे जाळीही त्याच्यासवे सरके. मापणारा मनुष्य सूक्ष्मदर्शकातून तारा जाळीच्या कोणत्या घरात व कोणत्या रेघेपासून किती दूर एवढेच पाहून आकडा टिपी. प्लेट दुरुस्त करण्याच्या भरीस कोणी पडत नसे. ऑक्सफर्डचे एच. एच. टर्नर यांनी या आकड्यांची गाठ परिचित ताऱ्यांच्या ज्ञात स्थानांशी घालून दिली : दर प्लेटीस सहा स्थिरांक, आणि त्यांतच मध्याचे सरकणे, प्लेटीचे फिरणे व मापातील कसर हे सारे सामावलेले.

चिलीतील सांतियागोकडून सुटलेला एक पट्टा हैदराबादच्या निजामिया वेधशाळेकडे आला. नवाब जफर जंग यांनी १९०१ साली स्थापिलेली आणि त्यांच्या पश्चात निजाम सरकारच्या वित्तखात्याकडे गेलेली ही वेधशाळा ज्या दौलतीत होती, तीतच तेव्हा आपला मराठवाडाही मोडत असे. ताऱ्यांचा कारभार वित्तखात्याच्या माथी मारण्याची ही व्यवस्था विक्षिप्त वाटेल खरी. पण चिकाटीने आकडे मांडण्याची सवय असलेले दुसरे खाते तरी कोणते होते? ठरल्या प्रमाणाहून लहान अशा ८ इंची दुर्बिणीने घेतलेल्या प्लेटींवरून दक्षिणेकडील १७ ते २३ अंशांचा पट्टा येथे मोजला गेला, पुढे जर्मनीतील पॉट्सडॅमच्या वेधशाळेने अर्धवट सोडलेल्या उत्तरेकडील पट्ट्यातही काम झाले, आणि टी. पी. भास्करन यांच्या प्रदीर्घ कारकिर्दीत साडेसात लाखांच्या आसपास नोंदींचे छापील खंड सिद्ध झाले.

या अवाढव्य उद्योगाचा कंटाळा जगाला लवकरच आला, आणि नकाशांचा भाग तर अपुराच राहिला. परंतु १९९७ साली हिप्पार्कस उपग्रहाची तारकासूची प्रसिद्ध होताच अमेरिकेच्या नौदल वेधशाळेने त्याच जुन्या खंडांतील, संगणकात भरलेली मोजणी नव्या अचूक स्थानांशी ताडून प्रत्येक पट्ट्याच्या दुर्बिणीचे दोष फिरून काढले. त्यातून ४६ लाख ताऱ्यांची शतकापूर्वीची स्थाने हाती आली. प्लेटी करणाऱ्यांनी आपापल्या समजुतीप्रमाणे आकडे ‘सुधारून’ मूळ मोजणी टाकून दिली असती, तर हे अशक्य होते.

भिंगाच्या वाकाचे गणित या अवधीत अन्यत्र वाढत होते. एकाच भिंगसमूहातील काचा एका अक्षावर नीट न बसल्यास वाक एकांगी होतो, हे लंडनच्या ए. ई. कॉनरॅडी यांनी १९१९ साली रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या नियतकालिकात मांडले. अमेरिकेत क्षेपणास्त्रांचा मार्ग ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर टिपणाऱ्या कॅमेऱ्यांच्या कामात मुरलेल्या ड्यूएन ब्राउन यांनी १९६६ साली ते गणित व्यवहारात आणले, आणि १९७१ साली तर जवळच्या वस्तूंसाठी गवंड्याचा ओळंबाच कामी लावला : काळ्या पार्श्वभूमीवर पांढरे दोरे सोडावेत, खालची वजने हलू नयेत म्हणून ती तेलात बुडवावीत, आणि छायाचित्रात दोरा जेवढा वाकेल तेवढा भिंगाचा दोष मानावा. आजच्या बहुतेक प्रोफाइलांत ब्राउन यांचेच सूत्र थोड्याफार फरकाने वावरते.

२०१० साली अॅडोबीने आपल्या प्रणालींत तयार प्रोफाइली घातल्यापासून सामान्य छायाचित्रकाराची सोय झाली. आकाशचित्रकाराने मात्र तिचा मोह आवरलेला बरा, असे मला वाटते. या प्रोफाइली बहुधा जवळ टांगलेल्या चौकटींच्या तक्त्यावरून घडवतात, आणि भिंग अनंतावर रोखले की त्याचा वाक किंचित बदलतो. शिवाय कच्च्या चित्रातील अंधारदोष व उजेडाची असमानता काढण्यापूर्वीच चित्रकण सरकवले, तर शेजारच्या कणांची सरमिसळ होऊन पुढची वजाबाकी जमत नाही. याउलट, चित्रातील शेकडो तारे सूचीशी जुळवून काढलेला वाक त्याच कॅमेऱ्याचा, त्याच रात्रीचा असतो. क्षितिजाजवळच्या वातावरणीय वक्रीभवनाची तफावतही पुष्कळशी त्यातच वसूल होते. स्पिट्झर अवकाश दुर्बिणीच्या कामातून रूढ झालेल्या ‘सिप’ पद्धतीत तर वाकाचे सहगुणक खगोलचित्रे साठवण्याच्या फिट्स फाइलीच्या शीर्षभागात केवळ लिहून ठेवतात आणि चित्रकणांस हात लावीत नाहीत. रचनेच्या वेळी सरकवणे, फिरवणे व वाक काढणे ही तिन्ही कामे एकाच फेरआखणीत उरकली म्हणजे कडेचे तारे दुहेरी होत नाहीत.