रक्तातले गुपित

रोग्याचे गुपित डॉक्टरने कोणापाशी उघड करावे, हा प्रश्न मोठ्या शहरांतल्या वकिलांचा वाटतो. आम्हांस तो आपल्या देवरी-सालेकसा भागातील दवाखान्यांतही दिसतो. तेथे त्याचे नाव सिकलसेल.

या रोगात रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. सांधे ठणकतात, रक्त कमी पडते. शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी १९१० साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. मध्य भारतातील या दोषाविषयी शुक्ला व सोळंकी यांचा लेख 'लॅन्सेट'मध्ये आला तो १९५८ साली. तोवर इकडची किती लेकरे दुखण्याचे नावही न कळता गेली असतील!

दोष आईबापांपैकी एकाकडूनच आला, तर मूल नुसते वाहक होते; त्यास बहुधा काही त्रास नसतो. दोघेही वाहक असले, तर मात्र दर बाळंतपणी मूल रोगी निपजण्याचा संभव चारांत एक. म्हणून लग्नाआधी रक्त तपासावे असे सांगतात. १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथे सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेतही तपासणीनंतर कार्ड देण्याची योजना आहे. योजना चांगलीच, पण कार्ड सोयरिकीच्या बैठकीतही जाऊन पोचते.

समजा, एक मुलगी वाहक निघाली आणि वराचा बाप डॉक्टरांना विचारू लागला, "साहेब, पोरीच्या रक्तात काही खोट तं नाही ना?" काय सांगावे?

१९९८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे एक खटला आला होता. रुग्णालयाकडून एकाच्या एचआयव्हीची वार्ता फुटली व त्याचे ठरलेले लग्न मोडले. गुप्ततेचा हक्क निरपवाद नाही, वधूच्या जिवास धोका होता, असे न्यायालयाने म्हटले. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांतही विशिष्ट व्यक्तीस गंभीर धोका असल्यास गुपित सांगण्याची मुभा आहे. पण सिकलसेल नवऱ्याला लागत नाही. तेव्हा या निकालाचा आधार येथे घेणे आम्हांस पटत नाही. डॉक्टरने मुलीला सर्व समजावून सांगावे, तिनेच सांगावे म्हणून धीर द्यावा. परस्पर बोलू नये.

यावर कोणी म्हणेल, मग लपवालपवी होईल. होते खरी. ग्रीसमधील ऑर्कोमेनोस येथे गावकऱ्यांची तपासणी झाली, तेव्हा वाहकांवर बट्टा बसला आणि कित्येकांनी ते लपवूनच लग्ने केली. त्याविषयीचा अभ्यास १९७४ साली प्रसिद्ध झाला. माणसे लपवतात ती लोकांच्या भीतीने. वाहक म्हणजे रोगी नव्हे, एवढे गावाला नीट सांगितलेले नसले, तर कार्ड म्हणजे शिक्काच.

आणि हा शिक्का बाईच्याच कपाळी आधी बसतो, कारण गरोदरपणात रक्त पहिल्यांदा तिचे तपासले जाते. रोगी मूल व्हावयास दोष दोन्हींकडून यावा लागतो, हे सासरी कोणी ऐकत नाही. म्हणून त्या वराच्या बापाला डॉक्टरांनी उलट एवढेच विचारावे, "तुमच्या मुलाचे रक्त तपासले का?"