घाटाखालची जीप

घाट चढायच्या आधी थांबायचं ठिकाण, एवढ्या एका कारणावर फर्दापूर वसलं आणि तगलं. बुऱ्हाणपूरकडून औरंगाबादेला जाणारा मोगलांचा रस्ता इथूनच अजिंठ्याच्या डोंगरात शिरायचा. गावातली दगडी सराई औरंगजेबाच्या काळातली. तिथं उंट, घोडे, लमाणांचे बैल रात्री टेकायचे आणि पहाटे वर निघायचे. पुढे मोटारी आल्या, त्याही इथंच थांबल्या. वर जाणाऱ्या थांबायच्या रेडिएटरमध्ये पाणी ओतायला, खाली आलेल्या थांबायच्या तापलेले ब्रेक निववायला. एक वाहन मात्र इथं राहायला आलं. आमच्या घरातल्या थोरांच्या निम्म्या आठवणी त्याच्या आहेत, आणि त्या मला इतिहासाच्या पुस्तकांपेक्षा कमी मोलाच्या वाटत नाहीत.

आबा, म्हणजे माझे आजोबा, पहिली जीप कधी पाहिली ते महिन्यासकट सांगायचे. १९४८ सालचा भादवा. तोवर फर्दापूर निजामाच्या मुलखात आणि जवळचंच वाकोद इंग्रजी खानदेशात. इकडे निजामाचा हाली शिक्का चालायचा, तिकडे इंग्रजी कलदार रुपया. कापसाची गाडी जळगावच्या बाजाराला न्यायची तर मध्ये करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा नाका, आणि रझाकारांच्या काळात तर तेवढं अंतर जाणंही जिवावरचं. १३ सप्टेंबरला भारतीय फौज संस्थानात शिरली, १७ तारखेला निजाम शरण आला. त्यानंतरच्या दिवसांत कधीतरी शिपायांची एक जीप गावाबाहेर आली. काच पुढे आडवी पाडलेली, हूड नाही, चार माणसं उघड्यावर. आबांच्या लक्षात शिपाई राहिले नाहीत, बंदुकाही नाहीत. त्यांच्या लक्षात राहिली काळी जमीन. भादव्यातलं आमचं काळं रान बैलगाडीला आसापर्यंत गिळतं. ती जीप सरळ त्या रानात शिरली आणि पलीकडे निघाली. "पुढची चाकंही ओढत होती रे," आबा सांगायचे. "आजवर गाडी मागून ढकलत होती. ही चारी पायांनी चालली."

चारी चाकांना जोर देणारी ती गाडी दूर अमेरिकेत, घाईघाईत जन्मली होती. १९४० च्या जुलैत अमेरिकी लष्कराने १३५ कंपन्यांकडे हलक्या टेहळणी गाडीची मागणी केली. नमुना ४९ दिवसांत हवा होता. पेनसिल्वेनियातल्या बटलर गावची बँटम ही लहानशी, बुडायला आलेली कंपनी पुढे आली. कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याने आराखडा काढला आणि २३ सप्टेंबरला गाडी लष्कराच्या तळावर पोचलीसुद्धा. पण एवढ्या मोठ्या संख्येने गाड्या बनवण्याचं बळ बँटमकडे नव्हतं. काम गेलं विलीस आणि फोर्डकडे. विलीसचे मुख्य अभियंता बार्नी रूस यांनी कसून सुधारलेलं साठ अश्वशक्तीचं इंजिन हीच पुढे या गाडीची ताकद ठरली. युद्ध संपेपर्यंत दोन्ही कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून जास्त जीपा बनवल्या. ज्या कंपनीने पहिली गाडी उभी केली तिचं नाव आज फार थोड्यांना ठाऊक आहे, याचं मला वाईट वाटतं.

भारतातला तिचा प्रवास तर थेट आबांच्या गोष्टीला येऊन भिडतो. २ ऑक्टोबर १९४५ रोजी एक पोलाद व्यापाराची कंपनी निघाली, महिंद्रा अँड मोहम्मद. जगदीशचंद्र आणि कैलाशचंद्र हे महिंद्रा बंधू, आणि भागीदार मलिक गुलाम मोहम्मद. हे गुलाम मोहम्मद काही काळ हैदराबाद संस्थानाचे अर्थमंत्री होते. म्हणजे आमच्या नाक्यांवर गोळा होणारा पैसा ज्या खजिन्यात जायचा, त्या खजिन्याचा कारभार या माणसाने पाहिलेला. फाळणी झाली, ते पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले आणि १९५१ मध्ये गव्हर्नर जनरल. इकडे १९४८ मध्ये कंपनीचं नाव महिंद्रा अँड महिंद्रा झालं. त्याच साली निजामाचं राज्य गेलं. मुंबईत माझगावला परदेशातून आलेल्या सुट्या भागांतून विलीस जीप जोडली जाऊ लागली आणि पन्नासच्या दशकात ती इथंच घडू लागली. हे सगळं आबांना माहीत नव्हतं. पण एक राज्य मोडताना आणि एक गाडी येताना त्यांनी एकाच पावसाळ्यात पाहिली होती.

मग जीप सरकारची झाली. २ ऑक्टोबर १९५२ ला समूह विकास योजना सुरू झाली आणि देशभर गटविकास अधिकाऱ्यांना जीपा मिळाल्या. आमच्याकडे बीडीओची जीप, मलेरियाची जीप, देवीच्या लशीची जीप अशा तिच्या जाती होत्या. आजी सांगायची, धूळ दिसली की पोरं पळायची. लशीची असली तर रानाकडे आणि बीडीओची असली तर तिच्याकडे. फर्दापूरसारख्या सीमेवरच्या गावाला सरकार म्हणजे नाका आणि वसुली, एवढंच ठाऊक होतं. सरकार विहिरीसाठी कर्ज देतं, बियाणं देतं, हे जीपमधून उतरलेल्या माणसाकडून गावाने प्रथम ऐकलं. सगळंच मिळालं असं नाही. पण कुणीतरी विचारायला येतं, हीच त्या पिढीला केवढी मोठी गोष्ट वाटली होती!

आमच्या घरी जीप आली साठीच्या दशकात. थोरल्या काकांनी लिलावातली जुनी लो बॉनेट घेतली. डाव्या हाताला स्टेअरिंग, मागच्या फळीवर उठावदार अक्षरांत विलीस. त्यासाठी एक बैलजोडी विकली. आजी महिनाभर काकांशी धड बोलली नाही. "बैल वैरण खातो अन् शेण देतो. ही तेल पिते अन् धूर देते," असं ती म्हणे. तिचं म्हणणं खोटं नव्हतं. पेट्रोलचं इंजिन लिटरला जेमतेम आठ-नऊ किलोमीटर द्यायचं, आणि घाटात तेवढंही नाही.

ती गाडी चालवणं ही एक विद्या होती आणि काकांनी ती आम्हा भावंडांना रीतसर शिकवली. पहिला गिअर गाडी उभी असतानाच पडायचा. चालत्या गाडीत टाकायचा तर डबल क्लच मारून, आणि जरा चुकलं तर खालून करकर. मुख्य गिअरशेजारी दोन बुटके दांडे. एकाने पुढची चाकं जोडायची, दुसऱ्याने जोर वाढवायचा. चिखल संपून डांबर लागलं की पुढची चाकं लगेच सोडवायची. विसरलात तर सगळा ताण आत साचतो आणि दांडा असा अडकतो की दोघांनी ओढला तरी हलत नाही. मग गाडी चार हात मागे घ्यायची, तो आपोआप सुटतो. एप्रिल-मेच्या उन्हात घाट चढताना पेट्रोल पंप तापायचा, नळीतच पेट्रोलची वाफ व्हायची आणि इंजिन भर वळणावर बंद. त्यासाठी ओलं फडकं पंपावर गुंडाळायचं. पाण्याची किटली धरून मागे बसणं हे घरातल्या धाकट्याचं काम. कित्येक वर्षं ते माझ्याकडे होतं. घाट उतरताना ब्रेकवर भरवसा ठेवायचा नाही, ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचं. हा नियम मी आजही मोडत नाही.

अजिंठ्याच्या लेण्यांकडे जाताना वाघूर नदी आडवी. पावसाळ्यात तिला पाणी आलं की काका काठावर थांबायचे, बॉनेट उघडून पंख्याचा पट्टा काढायचे आणि मगच गाडी पाण्यात घालायचे. पंखा फिरत राहिला तर पाणी थेट डिस्ट्रिब्यूटरवर उडतं आणि गाडी मध्यात गप्प होते. पलीकडे गेलं की पट्टा पुन्हा चढवायचा. पुरातत्त्व खात्याचे लोक, चित्रकार, कधी एखादा परदेशी पाहुणा जळगावच्या रेल्वेने यायचा आणि काका त्यांना जीपमधून न्यायचे. १८१९ मध्ये जॉन स्मिथ शिकारीला म्हणून आला आणि लेणी जगाला कळली, हे सगळे सांगतात. पुढे ती पाहायला, मोजायला, त्यांची चित्रं उतरवून घ्यायला जे शेकडो लोक आले त्यांना चिखलातून आणि पाण्यातून तिथवर कुणी पोचवलं, हे कोणी लिहून ठेवलेलं नाही.

जीपचे वैद्य म्हणजे गावातले मिस्त्री चाचा. त्यांचं दुकान म्हणजे एक लिंबाचं झाड, एक ऐरण आणि रॉकेलच्या डब्यात बुडवलेले पाने. पाटा मोडला तर ट्रकच्या जुन्या पाट्यातून कापून बसवायचे. पॉइंट घासायला पॉलिश पेपर, गॅस्केटला जाड पुठ्ठा. नवा भाग जळगावहून येईपर्यंत गाडी थांबलेली त्यांना खपत नसे. मी विचारलं होतं, चाचा, एवढं सगळं शिकलात कुठं? ते म्हणाले, "इसमें छुपा हुआ कुछ है ही नहीं बेटा. खोलो, देखो, समझ में आता है." जीप या देशात इतकी वर्षं का टिकली याची मी पुष्कळ कारणं वाचली आहेत. चाचांच्या या वाक्याइतकं खरं एकही वाटलं नाही. जी वस्तू खेड्यातल्या हाताला उघडता येते तीच खेड्यात जगते.

बहात्तरच्या दुष्काळात काकांची जीप कामांवर भाड्याने लागली. पुढे ओव्हरसिअर, मागच्या ट्रेलरमध्ये पाण्याची टाकी, कधी सुकडीची पोती. खडी फोडणाऱ्या बायांमध्ये आमच्याच भावकीतल्या बाया होत्या. पाणी वाटताना काका वर मान करत नसत, असं आई सांगते. वर्षभराने जगात तेल महागलं आणि पेट्रोलची जीप पोसणं शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेर गेलं. ज्यांनी विकली नाही त्यांनी तिच्यात डिझेल इंजिन बसवलं. कंपनीही त्याच वाटेने गेली. ट्रॅक्टरच्या वंशातलं इंजिन जीपला बसलं, मग प्यूजोचं २११२ सीसीचं डिझेल इंजिन इगतपुरीच्या कारखान्यात तयार होऊ लागलं आणि ऐंशीच्या दशकात एमएम ५४० आली. आवाज मोठा, थरथर मोठी, पण खर्च परवडणारा.

नव्वदीनंतरची आठवण म्हणजे काळीपिवळी. लांब चाशीची कमांडर जीप. एसटी जिथं दिवसातून एकदाच, तीही आलीच तर यायची, अशा वाड्या-तांड्यांतून ती सोयगाव, अजिंठा, पहूरला माणसं न्यायची. परवान्यापेक्षा दुप्पट माणसं बसायची, पायरीवर लटकायची, आणि त्यातून घाटात अपघात झाले, माणसं गेली. ते विसरून तिचं कौतुक करणं मला जमत नाही. पण माझ्या चुलतबहिणीची अडलेली वेळ होती, भर श्रावणातली रात्र, हळद्याच्या बाजूच्या तांड्यावरून खाली यायचं होतं, तेव्हा दाराशी उभी राहिली ती हीच गाडी. चालकाने पैसे घेतले नाहीत. त्या वेळी जन्मलेली भाची आता परिचारिका आहे.

आता लेण्यांना जाणारी खासगी वाहनं फर्दापूर टी-पॉइंटलाच थांबतात, पुढे बस. लेण्यांच्या दृष्टीने हे योग्यच झालं. धुराचा थर त्या चित्रांवर बसायला नको. सुट्टीच्या दिवशी टी-पॉइंटच्या वाहनतळात महिंद्राच्या थार गाड्यांची रांग दिसते. ऑक्टोबर २०१० मध्ये पहिली थार आली, २ ऑक्टोबर २०२० ला दुसरी, नाशिकच्या कारखान्यातली. पुतण्याची मी चालवली आहे. उत्तम गाडी आहे, आणि चारी चाकांचा दांडा तिच्यात अजून हाताने टाकायचा आहे याचा मला मनापासून आनंद झाला. पण २०२३ पासून थार नुसत्या मागच्या चाकांवर चालणारीही मिळते आणि घेणारे ती घेतात. बिघाड झाला की संगणक लावावा लागतो, तो शहरात. अमेरिकेत तर महिंद्राच्या रॉक्सॉरचा चेहरा जीपसारखा दिसतो म्हणून २०१८ मध्ये तक्रार दाखल झाली आणि कंपनीला तो बदलावा लागला. त्याच्या आदल्याच वर्षापासून अमेरिकी जीप कंपनीची गाडी आपल्या रांजणगावात बनू लागली होती. त्या चेहऱ्यावर हक्क कुणाचा, हे अमेरिकी व्यापार आयोगाने कागदावर ठरवलं. ज्यांनी सत्तर वर्षं तो चिखलातून ओढून आणला त्यांना कुणी विचारलं नाही.

१ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी रद्द होते आहे. तहसील, वनखातं, आरोग्य केंद्र इथल्या उरल्यासुरल्या जीपा भंगारात चालल्या आहेत. लोखंड जाऊ द्या. पण प्रत्येक जीपबरोबर एक लॉगबुक असतं. कोणत्या तारखेला, कोणत्या तांड्यावर, कशासाठी, किती किलोमीटर, हे त्यात शाईने लिहिलेलं असतं. दुष्काळाचा, साथींचा, निवडणुकांचा आमच्या तालुक्याचा इतका खरा इतिहास दुसरीकडे सापडणार नाही. विद्यापीठाच्या इतिहास विभागाने ही लॉगबुकं मागून घ्यावीत, कार्यालयांनी ती रद्दीत घालू नयेत. आणि तुमच्या घरी कुणी जीप चालवलेलं म्हातारं माणूस असेल, तर त्याच्याजवळ आजच बसा, विचारा आणि लिहून घ्या.