पड जमिनीचं भाडं

आपल्याकडे रान पड राहिलं की गाव विचारतं, घरात करता माणूस उरला नाही का? अमेरिकेत कॅन्सस-ओक्लाहोमाच्या सपाटीवर मात्र पड रानाचं भाडं सरकारकडून येतं. दहा ते पंधरा वर्षांचा करार. तेवढ्या काळात पीक घ्यायचं नाही, गवत लावायचं आणि राखायचं. याचं नाव ‘कॉन्झर्व्हेशन रिझर्व्ह प्रोग्रॅम’, शेतकऱ्यांच्या तोंडी ‘सीआरपी’. संवर्धन हा शब्द या अनुदानाला चिकटला त्यात मातीइतकाच कोर्टाचाही हात आहे.

१९३३ साली मंदीने भाव पाडले होते. पीक कमी काढा, पैसे आम्ही देतो, असं रूझवेल्ट सरकार सांगू लागलं. त्या वर्षी सुमारे १ कोटी एकरांतला उभा कापूस नांगरून टाकला गेला. पैसा येई गिरण्यांवरच्या करातून. ६ जानेवारी १९३६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा घाट मोडला: शेती किती पिकवावी हे ठरवणं राज्यांच्या अखत्यारीतलं, केंद्राच्या नव्हे.

५४ दिवसांत, २९ फेब्रुवारीला, नवा कायदा उभा राहिला. शेतकरी तेच, पिकंही बहुतेक तीच. फक्त गहू, कापूस, मका ही आता ‘मातीचा कस काढणारी’ पिकं ठरली. गवत आणि द्विदल चारा ‘कस राखणारी’. पहिल्यांतून दुसऱ्यांकडे वळाल तर पैसे, तेही थेट तिजोरीतून. पळवाट म्हणा हवं तर. एवढ्या देखण्या पळवाटा कायद्याच्या इतिहासात थोड्याच.

पण ती निव्वळ पळवाट नव्हती. १४ एप्रिल १९३५ च्या रविवारी या सपाटीवर काळ्या धुळीची भिंत चालून आली होती. ह्यू बेनेट हे मृदाशास्त्रज्ञ कित्येक वर्षं धुपेबद्दल कंठशोष करत होते. त्या रविवारनंतर तेराव्या दिवशी मृद्संधारणाचा कायदा झाला. ओक्लाहोमाच्या सिमरॉन काउंटीत आर्थर रॉथस्टीनने १९३६ मध्ये टिपलेला, धुळीतून वाट काढणाऱ्या बाप-लेकांचा फोटो आजही त्या काळाची ओळख आहे.

१९५६ मध्ये आयझेनहॉवर यांच्या काळात जमीन पड ठेवायचे पैसे देणारी ‘सॉइल बँक’ योजना आली. लोकांनी अख्खी शेतंच तिच्यात घातली, आणि बोंब उठली ती बाजारपेठेतून. पेरणीच नाही, तर बियाणं, खत, अवजारं घेणार कोण? पुढे १९७०च्या दशकात निर्यातीचा भाव चढला, शेतीमंत्री अर्ल बट्झ ‘कुंपणापासून कुंपणापर्यंत पेरा’ म्हणू लागले, आणि राखलेली माती पुन्हा नांगराखाली गेली.

सॉइल बँकेच्या वेळची ती बोंब लक्षात ठेवून १९८५ च्या कायद्याने सीआरपी आणताना एक कलम घातलं: कोणत्याही काउंटीतल्या लागवडीच्या जमिनीपैकी साधारण २५ टक्क्यांहून जास्त जमीन योजनेत घ्यायची नाही. मातीसाठी केलेल्या कायद्यात असं दुकानदाराचं गाऱ्हाणं जाऊन बसलं. मला या साऱ्या इतिहासातलं हेच कलम सर्वांत प्रामाणिक वाटतं.

२००७ मध्ये योजनेत ३.६ कोटींहून अधिक एकर होते. मग इथेनॉलमुळे मक्याला भाव आला, करार संपलेल्या रानांत नांगर शिरले. २०१४ च्या कायद्याने कमाल मर्यादाच २.४ कोटी एकरांवर आणायची ठरवली.