डब्लिनच्या डबीतला खडा

नवे खनिज सापडले म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे हातोडी घेऊन डोंगर पालथे घालणारा भूगर्भशास्त्रज्ञ उभा राहतो. टाफाइट या रत्नाची हकीकत मात्र अगदी उलटी आहे. ते ओळखले गेले तेव्हा कारागिराने त्याला पैलू पाडले होते, झिलई दिली होती, आणि इतर किरकोळ खड्यांच्या गर्दीत ते एका दुकानी येऊन पडले होते. अशा तयार खड्यावरून शास्त्राला प्रथम ठाऊक झालेले हे पहिलेच खनिज.

आयर्लंडच्या डब्लिन शहरातली ही गोष्ट. साल १९४५, महिना ऑक्टोबरचा. महायुद्ध नुकतेच संपले होते. रॉबर्ट डॉबी नावाच्या जवाहिऱ्याकडून रिचर्ड टाफ या गृहस्थांनी काही जुने खडे विकत घेतले. हे टाफ मोठ्या घराण्यातले. आजोबा ऑस्ट्रियाचे पंतप्रधान होते. नातवाचा जन्म १८९८ सालचा, बोहेमियातला. पहिल्या महायुद्धात घराण्याने ऑस्ट्रियाची बाजू धरली म्हणून १९१९ साली त्यांचा ब्रिटिश किताब गेला. ऐश्वर्य ओसरले, पण रत्ने पारखण्याची नजर कोणी काढून घेऊ शकले नाही.

घरी येऊन टाफ एकेक खडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहू लागले. त्यांत एक फिकट जांभळा खडा होता, वजन १.४१९ कॅरट, आपल्या सोनाराच्या मापाने दोन-सव्वादोन गुंजा. रंगावरून, तेजावरून तो सरळ लालडी वाटावा. शास्त्रज्ञ जिला स्पिनेल म्हणतात तीच ही लालडी. पण वरून पाहताना खड्याच्या मागल्या बाजूच्या पैलूंच्या कडा दुहेरी दिसत होत्या. टाफ थबकले.

का थबकले, ते सांगायला हवे. काही स्फटिकांत शिरलेला प्रकाशकिरण दुभंगतो आणि मागची वस्तू दोन-दोन दिसते. आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणात कॅल्साईटचे स्फटिक मिळतात. त्यांचा एखादा स्वच्छ तुकडा वर्तमानपत्रावर ठेवावा, प्रत्येक अक्षराची जोडी झालेली दिसते. मुलांना दाखवण्याजोगी मौज आहे. लालडीत हे कधीच घडत नाही. तिची घडणच अशी की किरण एकसंध राहतो. तेव्हा हा खडा लालडी असेल तर शास्त्र चुकले, आणि शास्त्र बरोबर असेल तर ही लालडी नव्हे!

लालडीने माणसाला फसवले ते काही पहिल्यांदाच नव्हे. इंग्लंडच्या राजमुकुटातले 'ब्लॅक प्रिन्सचे माणिक' ही खरी लालडीच. जहांगीर आणि शहाजहान यांची नावे कोरलेले 'तैमूरचे माणिक' तेही तसेच. फारसी जवाहिरे याकूत वेगळा आणि लाल वेगळा मानीत, युरोपात मात्र हा भेद स्फटिकांच्या आकाराच्या आधारे १७८३ साली रोमे द लील यांनी मांडला. दुसऱ्याच्या नावावर मिरवणाऱ्या या लालडीच्याच नावावर आता भलतेच कोणी मिरवत होते.

१ नोव्हेंबर १९४५ रोजी टाफ यांनी खडा लंडनच्या रत्नपरीक्षण प्रयोगशाळेत अँडरसन यांच्याकडे पाठवला. अँडरसन आणि त्यांचे सहकारी पेन यांनी मोजमापे घेतली. विशिष्ट गुरुत्व ३.६१, लालडीचेही जवळजवळ तेवढेच. वक्रीभवनांक १.७१८ ते १.७२३; लालडीचा १.७१८ च्या आसपास. इतके साम्य, आणि तरी किरण दुभंगतोच! मग ब्रिटिश म्युझियममध्ये क्लॅरिंगबुल यांनी क्ष-किरणांनी तपासले. घडण षट्कोनी निघाली. लालडीचा प्रश्न मिटला.

खडा काय नाही ते कळले. काय आहे ते कळेना. रासायनिक पृथक्करण करायचे तर त्याचा भाग कापून काढायला हवा. आणि जगात असा दुसरा खडा कोणाला ठाऊक नव्हता. आपल्याकडे आजीच्या नथीतला मोती बदलायचा म्हटला तरी घरात चार दिवस खल चालतो. टाफ यांनी संमती दिली. सारे जण त्यांच्या नशिबाचे कौतुक करतात. मला त्यांच्या या होकाराचे अधिक वाटते. दुहेरी कडा दिसणे हा नजरेचा भाग, पण आपला एकुलता खडा करवतीखाली द्यायला छाती लागते. उरलेला भाग पुन्हा पैलू पाडून घेतला, तो मूळच्या मानाने बराच लहान झाला.

कापलेल्या तुकड्याने गुपित सांगितले. हे यांच्या पृथक्करणात अल्युमिनियम आणि मॅग्नेशियम निघाले, ते अपेक्षितच. त्यांच्या जोडीला बेरिलियम निघाले, ते मात्र अनपेक्षित. बेरिलियम आणि मॅग्नेशियम ही दोन्ही ज्याच्या घडणीला अत्यावश्यक आहेत असे खनिज तोवर माहीत नव्हते. लालडीत मॅग्नेशियम असते. लसण्या ज्या खनिजाचा असतो त्या क्रायसोबेरिलमध्ये बेरिलियम. हा नवा पाहुणा जणू दोघांच्या मधल्या घरचा. १९५१ साली चौघा संशोधकांनी मिळून निबंध प्रसिद्ध केला आणि खनिजाला टाफ यांचे नाव दिले.

ते इतके दुर्मिळ का, याचे उत्तर या जोडीतच आहे. बेरिलियम मुख्यतः ग्रॅनाइटाच्या शेवटच्या द्रवांबरोबर येते. मॅग्नेशियम मुबलक असते ते डोलोमाइटासारख्या खडकांत. दोघांची गाठ पडायची, तीही सिलिका फारशी आड न येता आणि योग्य उष्णतेत, म्हणजे योगच. श्रीलंकेत तो जुळला. तिथे रत्नपुराच्या परिसरात खड्डे खणून 'इल्लम' नावाचा रत्नगर्भ वाळू-गोट्यांचा थर टोपल्यांनी धुतात. त्यात लालडी, नीलम, लसण्या यांच्या संगतीत टाफाइटही येतो. पुढे ब्रह्मदेश, टांझानिया आणि चीन येथेही तो मिळाला.

दुसरा खडा मिळायला मात्र चार वर्षे लागली. १९४९ साली लंडनमध्ये तो पेन यांनीच ओळखला, वजन ०.८६ कॅरट. तेव्हापासून जुन्या लालड्यांच्या पुड्या पुन्हा सोडून, प्रत्येक जांभळट खड्याच्या मागच्या कडा भिंगातून पाहण्याची सवय संग्राहकांना लागली आहे. आणि अधूनमधून कडा दुहेरी दिसतातही.