तोफगोळा, भित्रेपणा आणि मनावरचा आघात

फेब्रुवारी १९१५. पहिले महायुद्ध सुरू होऊन जेमतेम सहा महिने झाले होते. ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय साप्ताहिकात चार्ल्स मायर्स या मानसशास्त्रज्ञांचा एक लेख प्रसिद्ध झाला. फ्रान्समधल्या रुग्णालयात दाखल झालेल्या तीन सैनिकांची हकिकत त्यात होती. तिघांच्याही जवळ तोफगोळे फुटले होते. त्यांची नजर अधू झाली होती, वास आणि चव नीट कळत नव्हती, काही गोष्टी आठवत नव्हत्या. मात्र एका गोष्टीने मायर्स कोड्यात पडले. गोळा फुटताना कानठळ्या बसवणारा आवाज होतो, म्हणजे इजा आधी कानांना व्हायला हवी. या सैनिकांना तर जवळजवळ नेहमीसारखेच ऐकू येत होते!

या आजाराचे नाव ‘शेल-शॉक’ असे रूढ झाले. शेल म्हणजे तोफगोळा. स्फोटाच्या हादऱ्याने मेंदूला व मज्जातंतूंना सूक्ष्म इजा होत असावी, असे अनेक डॉक्टरांना वाटत होते. हा तर्क नवा नव्हता. आगगाडीच्या अपघातातून वरवर सुखरूप वाचलेले प्रवासी पुढे आजारी पडत, तेव्हा जॉन एरिक एरिक्सन या शल्यचिकित्सकांनी १८६६ मध्ये त्याचे कारण मज्जारज्जूला बसलेला हादरा असे सांगितले होते. पण लवकरच, ज्यांच्या जवळपास गोळा फुटलाच नव्हता अशा सैनिकांतही तीच लक्षणे दिसू लागली. आता हादऱ्याचा तर्क पुरेसा नव्हता.

मग उरल्या दोन शक्यता : मनाला घाव बसला आहे, किंवा माणूस सोंग करतो आहे. लष्करातील अनेकांनी दुसरी मानली. एक ब्रिटिश जवान १९१५ मध्ये याच आजारासाठी कित्येक महिने रुग्णालयात होता. पुढच्या वर्षी त्याने आघाडीवर जायला नकार दिला. भित्रेपणाचा आरोप ठेवून ऑक्टोबर १९१६ मध्ये त्याला गोळ्या घालण्यात आल्या. पळून जाणे, भित्रेपणा अशा गुन्ह्यांसाठी मृत्युदंड दिलेल्या ३०६ सैनिकांना ब्रिटनने २००६ मध्ये मरणोत्तर माफी दिली. त्यात हाही जवान होता.

पहिली शक्यता गांभीर्याने घेणाऱ्यांत डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स होते. निलगिरीतील तोडा जमातीचा त्यांनी केलेला अभ्यास १९०६ मध्येच ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला होता. युद्धकाळात ते एडिंबरोजवळच्या क्रेगलॉकहार्ट रुग्णालयात अधिकाऱ्यांवर उपचार करीत. ‘झाले ते विसरा’, असा सल्ला या रुग्णांना सर्वत्र मिळत असे. परिणाम उलटाच होई. दिवसा दडपलेल्या आठवणी रात्री भयानक स्वप्ने होऊन येत.

एका अधिकाऱ्याला आपल्या मित्राचे छिन्नविच्छिन्न शव सापडले होते. तेच दृश्य रोज स्वप्नात येई. रिव्हर्सनी त्याचे ऐकून घेतले आणि एक गोष्ट लक्षात आणून दिली : देहाची अशी अवस्था झाली, म्हणजे मित्राला तत्क्षणी मरण आले असणार, त्याला यातना झाल्या नसणार. त्यानंतर काही रात्री ते स्वप्न आलेच नाही. पुढे आले तेव्हा त्यातली दहशत ओसरली होती. मात्र प्रत्येक रुग्णाच्या बाबतीत असा मार्ग सापडला नाही, हेही रिव्हर्सनी नमूद केले.

युद्ध संपले आणि हा विषय बराचसा मागे पडला. व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांच्या अनुभवांनी तो पुन्हा पुढे आणला. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० मध्ये ‘आघातोत्तर तणाव विकार’ अधिकृत यादीत घातला. सैनिकच नव्हे, तर अपघात, अत्याचार, भूकंप यांतून वाचलेली माणसेही आता त्यात आली.

पुढे दुसऱ्या टोकाची चूक झाली. दुर्घटनेनंतर लगेच प्रत्येकाला एकदा सारे बोलायला लावायचे, अशी पद्धत पसरली. २००२ मधील एका मोठ्या आढाव्यात तिचा उपयोग दिसला नाही. एका चाचणीत तर अपायच आढळला. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या २०११ च्या मार्गदर्शिकेत क्रम साधा आहे : परिस्थिती पाहा, ऐकून घ्या, मदतीशी जोडून द्या. बोलण्याची सक्ती नको.

किल्लारीसारखा भूकंप किंवा घरातला एखादा मृत्यू सोसलेले मूल वर्गात गप्प बसते, दचकते, अभ्यासात मागे पडते. त्याला ‘आळशी’ म्हणण्यापूर्वी ‘भित्रा’ या शब्दाची किंमत आठवावी. रोजचा ठरलेला दिनक्रम, विश्वासाचे एक मोठे माणूस आणि बोलावेसे वाटेल तेव्हा ऐकणारा कान, एवढे शाळा देऊ शकते. महिना उलटूनही त्रास कमी होत नसेल, तर पालकांशी बोलून तज्ज्ञांकडे पाठवावे.